उताऱ्यावर नाव माझं

९ एप्रिल, बुधवार
पोलिस ठाण्याचा हवालदार नोटीस घेऊन आपल्या लग्नाच्या लॉन्सवर आला. "जागामालक कोण?" ह्यांनी खुशाल माझ्याकडं बोट केलं! उन्हाळाभर फटाक्यांना बंदी. कार्यात फटाके उडाले, आग लागली, तर गुन्हा जागामालकावर. वऱ्हाडावर नाही, बँडवाल्यावर नाही.

धनाजीभाऊजी खो खो हसले. "वहिनी, काळजी नको. जेलात डबा आमी आणू की."

हसा. बाईच्या नावावर घेतली की कर वाचतो, असा ह्यांचा हिशोब, म्हणून जागा माझ्या नावावर. आजवर भिंतीला रंगसुद्धा कुणी मला विचारून दिला नाही. आणि गुन्हा तेवढा माझा! लई संताप आला.

१० एप्रिल
जेवताना विषय काढला. हे म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे.

१३ एप्रिल, रविवार
स्वतः जाऊन लॉन्सची मागची भिंत बघून आले. भिंतीला लागूनच शेजारच्या ईश्वरप्पाची कडब्याची गंजी. वाळून कडक. त्याच्या म्हशींना पाऊस पडेपर्यंत चारा तोच.

त्याची बायको नागव्वा शेण काढत होती. म्हणाली, "अक्का, गेल्या साली तुमच्या लॉन्सवरल्या लग्नातला बाण हितं पडला की. कोपरा पेटलाता. मीच हंड्यानं इजवला."

मला का नाही सांगितलं, विचारलं. तर म्हणे, "धनाजी मालकास्नी सांगितलं की. गंजी सरकवा म्हणले."

धनाजी मालक! मला मान वर करवेना. तिथंच ठरवलं — आपल्या गेटातून फुलबाजीसुद्धा आत जाणार नाही.

१६ एप्रिल
गेटवर पाटी लावली. लॉन्सचं बघणारा सिद्धाराम घाबरत म्हणाला, "पण वहिनी, पुढचं लग्न ऋतुराजदादांचं..." ऋतुराज म्हणजे भाऊजींचा थोरला. अक्षय तृतीयेचा मुहूर्त.

संध्याकाळी भाऊजी घरी हजर. "माज्या पोराच्या अक्षता फटाक्याबिगर पडायच्या? लोकं तोंडात शेण घालतील."

हे म्हणाले, "घरचंच कार्य आहे, वैजू."

म्हटलं, घरचं आहे म्हणून तर. घरच्यांनीच पाळलं नाही तर बाहेरच्यांना कोणत्या तोंडानं सांगू? दोघं उठून गेले.

२१ एप्रिल
घरात कुणी बोलत नाही. बरं आहे, कामं उरकतात.

३० एप्रिल, बुधवार
लग्न झालं.

शालू नेसून गेटवर खुर्ची टाकून बसले. ऊन असं की डोकं गरगरायला लागलं. बँडच्या गाडीत ताशांखाली दोन खोकी निघाली — लडी, बाण, सगळं. गाडी थांबवली. भाऊजी धावत आले. "वहिनी, चारचौघांत शोभा करू नका."

मी खुर्चीतून उठले नाही. म्हटलं, खोकी आत गेली तर मीच ठाण्यात फोन लावते. गुन्हा माझ्यावर झाला तरी चालेल. खोकी गेटबाहेरूनच परत गेली.

मंगलाष्टका तिथूनच ऐकल्या. मुठीतल्या अक्षता मांडवाकडं टाकल्या, पोहोचल्या नाहीत. ऋतुराजला मी अंगाखांद्यावर खेळवलाय. रडू आवरेना.

पंगती उठल्यावर मागं जाऊन आले. गंजी जशीच्या तशी. नागव्वा भरलेली घागर शेजारी ठेवून दिवसभर तिथंच बसली होती म्हणे.

२ मे
सकाळी चहाबरोबर बक्षीसपत्र. जागा दोघा भावांच्या नावावर करायची. कागद तयार, दुपारी रजिस्ट्रारकडं जाऊन मी फक्त सही करायची. "तुझ्या डोक्याला ताप नको," हे म्हणाले.

म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा ही जागा ह्यांना माझी वाटली.

सही करणार नाही म्हणून सांगितलं. लॉन्सच्या बुकिंगचा फोन ह्यांच्याकडून मागून घेतला. आत्ता माझ्या पिशवीत वाजतोय.