केराचं नाव

अम्मा, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

लुधियानात मी बरा आहे. खोली कोरडी आहे, रोटी वेळेवर मिळते. फुलमतीचा ताप उतरला का? बाळ दूध ओढतं ना? शेळी व्याली का?

तू लिहिलंस, मास्तर पुस्तकातून छान छान नावं काढून देतायत. नको म्हणावं त्यांना. मागच्याचं नावही त्यांनीच आयुष ठेवलं होतं. आयुष म्हणजे दीर्घ आयुष्य, असं साऱ्या गल्लीला समजावत होते. बारशाची तोरणं वाळायच्या आत त्याला गंगेकाठी वाळूत पुरलं.

माझ्या आधीची तुझी दोन गेली. मी तरी यमाच्या नजरेत भरू नये म्हणून तू मला उकिरड्यावर ठेवलंस, सुईणीने मूठभर धान्य देऊन विकत घेतलं आणि नाव पडलं कतवारू, म्हणजे केर. इथे गिरणीच्या फाटकावर रखवालदार रोज म्हणतो, "आला रे केर, आत लोटा." सगळे हसतात. तुझा फार राग येतो, अम्मा. आजही आला.

तरी तू तेच कर. यालाही उकिरड्यावर ठेव, सुईणीला विक. नाव घुरहू ठेव, उकिरड्यावरचा. फुलमती रडेल, तिला रडू दे.

मोठा झाला की तोही माझ्यावर असाच चिडेल. तेवढा मोठा होऊ दे.

तुझा जगलेला,
कतवारू