दुसरी हाक

९ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा! ओनेझावा ही वाडी चुकवायची म्हटलं तरी चुकत नाही, कारण रस्ताच तिथे संपतो. छान ऊन पडलं होतं. डोंगर लाल-पिवळे झालेत आणि प्रत्येक घराच्या पडवीत मुळ्यांच्या माळा वाळत टाकल्यात. घड्याळाच्या कारखान्यातून आम्हाला घरी बसवलं त्यानंतर इतकं मोकळं मी पहिल्यांदाच हसलो असेन.

काम सोपं आहे. या घराचे म्हातारा-म्हातारी हिवाळाभर मुलाकडे शहरात राहणार. मी इथे राहायचं, खायचं-प्यायचं आणि छपरावर बर्फ साचला की तो उतरवायचा. नाहीतर घर बसतं. वाडीचा मुखिया सेकिने, हा गडी बुटका, रुंद, आणि बोलतो असा की सगळं जग बहिरं आहे. त्यानं घर दाखवलं. छप्पर पत्र्याचं, उतरतं, आणि त्याची वळचण नेमकी पुढच्या दारावर. तो म्हणाला, टोकियोकर, एवढं ध्यानात ठेव, छप्पर मोकळं नसेल तेव्हा या दारात कुणाला उभं करायचं नाही. पत्रा अंगावरचा बर्फ कधी झटकेल, सांगता येत नाही. मी म्हटलं, बरं बाबा.

एक मजा लिहायची राहिली. इथे जो तो दोनदा हाक मारतो. मुराकोशी-सान, मुराकोशी-सान! आधी वाटलं मला बहिरा समजतात. पण एकमेकांनाही तसंच. शेजारच्या तोकिए आजीनं लोणचं आणलं, दारातून पहिली हाक मारली आणि मी लगेच ओ दिली. तशी ती चिडलीच. म्हणाली, दुसरी येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. माणूस दोनदा हाक मारतो. बर्फातलं जे असतं त्याला एकदाच हाक मारता येते.

मी विचारलं, आणि आत्ता कुठाय बर्फ? तर म्हणाली, सवय आधी लावावी लागते.

लोणचं मात्र झकास आहे.

१७ नोव्हेंबर

आज वाडीत जोरदार भांडण. बर्फ किती पडणार, यावर. रेडिओवाला म्हणतो, यंदाचा हिवाळा नेहमीसारखाच. सेकिने म्हणतो, रेडिओवाल्याला इथे आणून बांधा. त्याचा भरवसा किड्यावर. पुढचे पाय जोडून बसणारा तो हिरवा किडा आहे ना, तो म्हणे बर्फ जिथवर चढणार त्याच्या वर आपली अंडी चिकटवतो. मला हाताला धरून देवदारापाशी नेलं. अंड्यांचा तो वाळक्या फेसासारखा गोळा माझ्या डोक्याच्याही वर, हात पुरेना इतका उंच. 

मी म्हटलं, किड्याला उंचावरची हवा मानवली असेल. कुणीही हसलं नाही. इथल्या लोकांना विनोदाचं वावडं आहे.

तरी खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकून घेतल्या. खालच्या मजल्यावर आता भरदुपारी दिवा लावावा लागतो.

दुकानातल्या फोनवरून शिनोशी बोललो. येणार! नववर्षाला माझी पोर येणार! तिच्या आईनं फोन घेऊन आपलं नेहमीचं ऐकवलंच, सोळा वर्षांच्या मुलीला असल्या रानात बोलावतात का, शेकोटीला तरी काही आहे का तुमच्याकडे. माझी नोकरी होती तोवर मी तिला माणूस वाटत होतो. असो. येऊ देतेय हे काय कमी झालं? या घराला मी शिनोसाठी लख्ख करून ठेवणार आहे.

३ डिसेंबर

बर्फाचा पत्ता नाही. नुसती कोरडी, हाडं फोडणारी थंडी. आणि तरी सगळी वाडी बर्फाचंच बोलते. दुकानातलं रॉकेल संपलं, मेणबत्त्या संपल्या. सेकिने घरोघर हिंडून फावडी तपासतो. लग्नघरात वरातीची वाट बघतात तसं चाललंय, फक्त तोंडं सुतकी.

आजीचा नवरा कसा गेला ते आज कळलं. छपरावर फावडं मारत होता. खालून एकच हाक आली, थोरल्या भावाच्या आवाजात. त्यानं ओ दिली, वाकून बघितलं. थोरला भाऊ त्या वेळी शेजारच्या गावी दात काढून घेत होता. आजी हे सांगताना मुळा चिरत होती, हात थांबला नाही.

मला म्हणाली, पोरगी येणार आहे ना तुझी? तिला आत्तापासून सांगून ठेव. दारात आलीस की दोनदा हाक मार म्हणावं.

सांगतो म्हटलं. पण खरं सांगू, जीभ रेटत नाही. आधीच तिच्या आईच्या लेखी मी वाया गेलेलो. त्यात हे.

१३ डिसेंबर

रेडिओचा सूर बदलला. उत्तरेकडून थंडीची मोठी लाट येण्याची शक्यता आहे, जोरदार हिमवृष्टी होऊ शकते. शक्यता! सेकिनेनं रेडिओच्या तोंडावर टोपी फेकली.

संध्याकाळी ढग गडगडले. हिवाळ्यात गडगडाट, मी आयुष्यात ऐकला नव्हता. आजी दारात येऊन (दोनदा हाक मारून) सांगून गेली, हा बर्फाला उठवणारा गडगडाट. तो आता उठला.

१५ डिसेंबर

पडतोय. काल सकाळपासून क्षणभरही थांबला नाही. पिसं नाहीत काही, पोत्यानं ओतल्यासारखा. दोनदा छपरावरचा बर्फ उतरवला. खाली आलो की परत तेवढाच.

दुपारी स्वयंपाकघरात मिसोचं सार ढवळत होतो. बाहेरून सेकिनेची हाक. मुराकोशी! मी म्हटलं, आलो आलो, आणि दार उघडलं. कुणी नव्हतं. पावलंही नव्हती. ताजा, सपाट बर्फ.

सेकिने तर सकाळपासून स्टेशनच्या गावाला गेलेला. संध्याकाळी परतला.

एकदाच हाक आली होती. हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

१६ डिसेंबर

आजीला सांगितलं. वाटलं ओरडेल. ओरडली नाही, खाली बसली. म्हणाली, ओ दिलीस? बोललास? मग तुझी ओळख झाली. आता ते तुझ्या कानाला जे हवं ते आणून देईल. आपण जे देऊ ते शिकतं. म्हणून काही द्यायचं नाही.

म्हातारीचं डोकं फिरलंय, असं लिहिणार होतो. लिहवत नाही.

२१ डिसेंबर

दरवाजासमोर बर्फाच्या पायऱ्या कोरल्यात. खाली उतरून घरात यावं लागतं, विहिरीत उतरल्यासारखं. खिडक्यांच्या फळ्या केव्हाच बुडाल्या.

छपरावर असलो की हाका येतात. कधी आजी. कधी सेकिने. कारखान्यातला माझा जुना जोडीदार, तो तर मेलाय. प्रत्येक जण एकदाच. वर थांबवत नाही. आज अर्ध्याच छपराचा बर्फ उतरवून खाली आलो.

२४ डिसेंबर

बाबा!

शिनो. अगदी शिनो. शेवटच्या अक्षरावर ती हेल काढते, तसा. हातातला पेला फुटला. अनवाणी धावलो पायऱ्यांवरून वर. कुणी नाही, कुणीही नाही. रडलो तिथेच.

तसाच दुकानात गेलो, फोन लावला. तिची आई म्हणाली, पोरगी इथे माझ्यासमोर जेवतेय, तुम्ही प्यायलात का? शिनो फोनवर आली. मी म्हटलं, बर्फ फार आहे, रस्ता उघडा नसेल तर येऊ नकोस हं. ती हसली. तुम्ही दोघंही सारखीच घाबरट, मी येणार म्हणजे येणार. दोन हाकांचं सांगायला तोंड उघडलं, शिनो, इथे आलीस की. मागे तिची आई विचारत होती, काय म्हणतायत, काय म्हणतायत. मी म्हटलं, आलीस की जोरात हाक मार.

जोरात म्हटलं. दोनदा नाही म्हटलं. उद्या परत फोन करून सांगीन.

२५ डिसेंबर

तारा तुटल्या. फोन बंद, रेडिओ बंद.

२८ डिसेंबर

सेकिने म्हणतो गाड्याही बंद पडतील. मग शिनो येत नाही. बरंच झालं. बरंच झालं असं मनाला सांगतोय. तिच्यासाठी आणलेल्या मोच्या, नववर्षाच्या तांदळाच्या वड्या, ताटात तशाच.

छपरावर जात नाही. चार दिवस झाले. तिथे ते "बाबा" म्हणतं. तुळया कुरकुरतात. आजी येऊन शिव्या देऊन गेली, घर अंगावर पाडून घेशील मेल्या. उद्या चढतो म्हटलं.

२९ डिसेंबर

नाही चढलो.

३० डिसेंबर

दिवेलागणीला आली. हाक.

बाबा!

एकदम दाराशी. जोरात. आनंदानं मारल्यासारखी. मी पायाखाली शेगडी घेऊन वरची गोधडी घट्ट धरून बसलो. या खेपेला नाही उठलो. दात दातांवर दाबले. दुसरी येते का, ऐकत राहिलो.

आली नाही. त्याऐवजी वर घसरल्याचा आवाज झाला आणि सगळं घर हादरलं. छप्पर आपणहून मोकळं झालं. आयतं काम झालं.

दुसरी हाक आली नाही. शहाणा झालो मी. आजीला उद्या सांगीन.

३१ डिसेंबर

सेकिने आला. मुराकोशी, मुराकोशी. दार उघडेना, म्हणून तो वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत आला. हसत होता. म्हणाला, काय, पोरगी आल्यावर शेजाऱ्यांना विसरलास काय?

मी विचारलं कुठली पोरगी.

काल शेवटची गाडी आली होती. त्यानंच तिला आणलं, देवळाच्या वळणापर्यंत. तिथून म्हणाली, पुढे मी एकटी जाते, बाबांना चकित करायचंय. तो म्हणाला, हाकेचं तू सांगितलं असशीलच, म्हणून मी काही बोललो नाही. आणि छप्पर तर तू रोज —

 मग तो पुढच्या दाराकडे, वळचणीच्या बाजूला बघायला लागला.

खणलं. सगळी वाडी खणत होती. मी हातांनी. आधी संत्री निघाली. एक पिशवीभर संत्री आणली होती तिनं. मी ओरडत होतो, शिनो, दोनदा हाक मार गं! बाबा बाबा म्हण! एकदा नको, दोनदा, दोनदा म्हण! आजीनं माझ्या तोंडावर हात दाबला. म्हणाली, गप, गप रे, ऐकतंय ते.

दारापासून एका हातावर होती.

१ जानेवारी

रस्ता बंद. तिला न्यायला कुणी येऊ शकत नाही. आतल्या खोलीत ठेवलीय. तोंडावरचं पांढरं फडकं सारखं सरकतं असं मला वाटतं, म्हणून जाऊन नीट करतो. आजी उशाशी बसलीय. उदबत्ती विझू देत नाही.

तिच्या आईला अजून माहीत नाही. तिला वाटत असेल मी पोरीला मोच्या भाजून घालतोय.

परत पडायला लागला.

२ जानेवारी

लिहितोय कारण हात थांबले तर कान सुरू होतात.

मी ऐकली होती. ती होती. माझी पोर दारात उभी राहून —

उठलो असतो तर. दार उघडून आत ओढली असती तर.

संध्याकाळ

बाबा!

बाहेरून. पायऱ्यांवरून. आजीनंही ऐकलं, तिनं माझी बाही धरलीय. आत शिनो आहे. आत्ताच बघून आलो. फडकं जागेवर आहे. गाल गार आहेत.

मला माहीत आहे. सगळं माहीत आहे मला.

पण —

बाबा!

दुसरी.

दोनदा. आजी, दोनदा मारली. दोनदा मारतो तो माणूस, तूच सांगितलंस ना? ती मान हलवतेय, नाही नाही म्हणतेय, तू शिकवलंस रे, तू शिकवलंस — सोड. सोड मला. त्या दिवशी पण मी असाच बसून —

आलो गं. आलो. ओ दि