तेजीकाकांचा तजेला

सोमवार, ४ मार्च

आज तेजीकाकांच्या डोळ्यांखाली दोन थर लागले. शेअर बाजार सकाळपासून घसरगुंडीवर, आणि यांना चार वाजता कॅमेऱ्यापुढे बसून सगळं उत्तम आहे म्हणायचं! (तेजीकाका हे आमच्या मेकअपरूमने ठेवलेलं नाव. वाहिनीवर ते बाजारतज्ज्ञ.) मान घामाने चिंब, पावडर टिकेना. शेवटी टेबलफॅनपुढे बसवून वाळवलं त्यांना.

सातला घरी टीव्हीवर पाहिलं, तर गडी एकदम ताजातवाना. ही पडझड नाही म्हणे, बाजार दम घेतोय. सासूबाईंनी बांगड्या किणकिणवत पडद्याकडे बोट दाखवलं — काय टवटवीत माणूस आहे, हा कशाला खोटं बोलेल? मलाही हायसं वाटलं. पार्लरसाठी नऊ वर्षं साठवलेले पैसे तेजीकाकांनीच सुचवलेल्या पंख्यांच्या कंपनीत घातलेत. एप्रिलअखेर गाळ्याची किल्ली घ्यायची आहे. तोवर भाव वाढला तर दोन खुर्च्या जास्त!

गुरुवार, ७ मार्च

भाव वर! नवरा म्हणाला, विकून मोकळी हो. वेडा आहे.

मंगळवार, १२ मार्च

आमची वार्ताहर पंख्यांच्या कारखान्यावर जाऊन आली. गेटला कुलूप, बाहेर कामगार बसून. मी म्हटलं, दुरुस्तीला बंद असेल. यंत्रांनाही कधीतरी तेलपाणी लागतंच की.

तेजीकाकांनी तर कार्यक्रमात ठणकावून सांगितलं — ही वाईट बातमी बाजाराने केव्हाच पचवली आहे. स्वतःच्या खिशात पित्ताच्या गोळ्या, दुपारचा डबा तसाच परत. पण टीव्हीवर गाल कसे तुकतुकीत दिसत होते! ती लाली माझ्याच डबीतली, हे मला ठाऊक आहे. तरी बघताना विसरायला होतं.

शुक्रवार, १५ मार्च

भाव खाली. नवऱ्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं.

गुरुवार, २१ मार्च

आज तीन थर. ओठांच्या कडेला मेकअपला भेगा पडत होत्या, मी बुजवत होते. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "तुम्ही नाही ना घेतलेत पंख्यांचे शेअर?"

"छे, सर." तोंडातून निघून गेलं.

"बरं केलंत. माझं सगळं त्यातच आहे. रोज सकाळी विकायचं ठरवतो. पण संध्याकाळी सातला स्वतःलाच टीव्हीवर बघतो, आणि वाटतं, हा माणूस इतका निर्धास्त आहे तर थांबावं अजून एक दिवस."

मला आधी हसूच फुटलं. मग ब्रश हातातच राहिला. आम्ही दोघं एकाच माणसाच्या भरवशावर बसलोय, आणि तो माणूस मी रोज साडेतीनला तयार करते! त्यांना तसं बोलले नाही. बोलायला हवं होतं, पण घाबरले. उरलेला मेकअप मात्र मन लावून केला, सवयीने.

उद्या विकते. येतील तेवढे येतील.

शुक्रवार, २२ मार्च

सकाळी दहाला विकले. निम्मेच आले, तरी डोकं हलकं झालं. निम्म्यात एक खुर्ची आणि एक आरसा बसतो.

घरी येऊन सांगणार, तर सासूबाई दारातच उभ्या. दोन्ही हात मोकळे. सकाळी सराफाकडे बांगड्या मोडल्या आणि माझ्या धाकट्या दिराला सांगून बारा वाजता पंख्यांचे शेअर घेतले त्यांनी — माझ्या पार्लरला हातभार म्हणून.

"काल पाहिलंस ना त्याला?" म्हणाल्या. "अगं, इतका टवटवीत तो कधीच दिसला नव्हता."