टेबलासमोरची खूण

१४ नोव्हेंबर, रविवार

प्रिय बोक्या,

आज सकाळी बाबांची खोली आवरली. औषधं दवाखान्यात परत दिली. दुपारी चाकाची खुर्ची नेऊन दिली, येताना केस कापून घेतले. न्हाव्याने बाबांची चौकशी केली. त्याला माहीत नव्हतं.

बाबांना जाऊन सतरा दिवस झाले. तू आला नाहीस, त्याबद्दल विचारणार नाही. तू बरा असशील. घरीही सगळं बरं असू दे.

कपाटात बाबांच्या बास्केटबॉलच्या पंचगिरीच्या वह्या सापडल्या आणि स्वयंपाकघरातली त्यांची शिकवणी आठवली. कोबीचा गड्डा चेंडूसारखा छातीशी धरून उभे राहायचे. "कोपरं बाहेर असणं गुन्हा नाही. अंगाबरोबर वळली तर तो खेळ. अंगाच्या आधी वळली तर शिटी. कोणाला लागलं नाही तरी चेंडू गेला. तोंडावर लागलं तर खेळाडूच गेला." आई म्हणायची, "आधी तो गड्डा इकडे द्या, मला चिरायचाय." तू मुद्दाम मला ढोसायचास आणि बाबा तोंडाने शिटी वाजवून तुला बाल्कनीत काढायचे. तिथूनही तू अपील करायचास.

त्या कॉलेजच्या फायनलबद्दल आपण अकरा वर्षांत बोललो नाही. आज लिहितो.

नेमलेले पंच आजारी पडले, म्हणून बाबांना बोलावलं. मुलगा खेळतोय हे त्यांनी आधीच सांगितलं. समोरचे प्रशिक्षक हसले, "तुमच्याइतका कोरडा माणूस आम्हाला कुठे मिळणार?" मी दुसरा पंच होतो, नुकताच परीक्षा पास झालेला. शेवटचं दीड मिनिट. तू फळीवरून परतलेला चेंडू उडी मारून घेतलास, दोघं अंगावर आले, तू वळलास आणि त्यांचा सेंटर हनुवटी धरून खाली बसला. शिटी बाबांची. गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलासमोर जाऊन तुला बाहेर काढल्याची खूणही बाबांची. तुम्ही हरलात, पुढचा सीझन तुला बंदी आली, विद्यापीठाच्या संघातली जागा गेली.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर तू म्हणालास, "बाबा, पोराला बाहेर काढताना हात तरी थरथरायचा होता." ते म्हणाले, "बॅग घे, बस सुटेल." त्यानंतर तू त्यांच्याशी बोलला नाहीस.

बाबांनी ते कोपर पाहिलंच नव्हतं. त्यांच्यासमोर तुझी पाठ होती. माणूस पडला म्हणून त्यांनी खेळ थांबवला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "काय पाहिलंस?" मी म्हटलं, "अंगाच्या आधी गेलं." त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." मग ते टेबलाकडे गेले.

मी पाहिलं ते खरं होतं. आजही तेच सांगेन. त्याची माफी मागत नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मी त्याला सांगतो." बाबा बुटाच्या नाड्या सोडत होते. "खूण ज्याने केली, निर्णय त्याचा. कोणी पाहिलं हे पंच बाहेर सांगत नाहीत. आणि तुम्हा दोघांना एकमेकांबरोबर पुष्कळ वर्षं काढायचीत. माझं काय!" मी ते पंचांचा नियम म्हणून पाळलं. खरं म्हणजे ते माझ्या सोयीचं होतं. तू मला दादा म्हणत राहिलास, दिवाणखान्यात माझ्याशी हसत राहिलास आणि बाबा आत आले की उठून जात राहिलास. मी बघत राहिलो.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी दोनदा विचारलं, "बोक्या येतोय का?" मी म्हटलं, "रजा मिळत नाहीये." ते म्हणाले, "नवीन साहेब कडक असेल." तेव्हा फोन माझ्या हातातच होता. एक वाक्य सांगितलं असतं तर तू निघाला असतास. तुझा राग माझ्यावर आला असता, पण तू निघाला असतास. याची माफी मागतो. देत नाही म्हणालास तरी चालेल.

घर उघडं आहे. मी इथेच असतो.

बाबांची पलंगावरची मोठी चादर आज धुतली आहे. आता गच्चीवरून काढून आणतो. घडी घालायला दुसरं टोक धरणारं कोणी लागतं, पण एक टोक हनुवटीखाली दाबलं की जमतं.

तुझा,
दादा