जुन्या मापाचा सदरा

अहो,

चष्मा टीव्हीवर असेल, तो लावून मगच वाचा. मी खुशाल आहे. "तिकीट काढलंय ना, मग एकटी जाऊन ये," म्हणत तुम्ही मला पाठवलंत, म्हणून सगळं नीट पाहतेय.

आज सकाळपासून पावसाची रिपरिप आहे. घड्याळांच्या संग्रहालयात गेले. दोनशे घड्याळं आहेत, पण एकाचं दुसऱ्याशी पटत नाही, अगदी तुमच्या भावांसारखं. बाहेर पडताना छत्री उलटी झाली, म्हणून समोरच्या कपड्यांच्या दुकानात शिरले.

तिथे तुमच्यासाठी निळा सदरा काढायला लावला. नेहमीसारखी त्यावर वीत टेकवली. काखेपासून काखेपर्यंत तीन विती, हे माप लग्नापासून पाठ आहे. तिसऱ्या वितीला हात थबकला. ऑपरेशननंतर तुम्हाला सदरा मीच घालते. त्यात आता आणखी एक माणूस मावेल.

दुकानातल्या बाईंनी लहान मापाचाही दाखवला. दोन्ही हातात घेऊन मी बराच वेळ उभी. त्यांनी घाई केली नाही, उलट बसायला स्टूल दिलं.

सूनबाई फोनवर "बाबा जेवतात" एवढंच सांगते. किती, ते सांगत नाही. ताट अर्धवट टाकून उठता का? खरं लिहा.

सदरा जुन्याच मापाचा घेतलाय. बाई म्हणाल्या, "नेलेला माल बदलून मिळत नाही." तेव्हा आता जे काही बदलायचं ते तुम्हालाच. मी येईपर्यंत कामाला लागा.

नातीला पापा.

तुमची,
इथे दोन्ही वेळा पोटभर जेवणारी