पाण्याकाठचा मोकळा पट्टा

अहो,

काल तुमचे राजहंस आले आणि मी त्यांना डबा बडवून हाकलून लावलं! दुसऱ्या कुणाकडून तुम्हाला कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं, म्हणून लिहायला बसले.

मुद्दाम नाही हो केलं. पहाटे हरभऱ्याच्या राखणीला गेले होते. धुक्यात वरून त्यांचा आवाज आला आणि हात आपोआप डब्यावर गेला. इतकी वर्षं तेच केलंय ना? तुम्ही बांधावर दुर्बीण लावून बसायचात आणि मी खाली हुर्र हुर्र करत पळायची. थवा दिसेनासा झाला तेव्हा भानावर आले. तिथेच गाळात बसून रडले. तुम्ही गेल्यापासून इतकी मोकळी रडले नव्हते.

येडगावच्या धरणाचं पाणी हटलं की उघड्या गाळावर आपण हरभरा पेरायचो. पाण्याला लागून एक पट्टा मात्र तुम्ही दरवर्षी या पाखरांसाठी मोकळा सोडायचात. "हिमालय ओलांडून येतात, त्यांना उतरायला जागा नको?" म्हणायचात. हिमालयाचं कौतुक मला नका सांगू, माझा हरभरा वाचवा, असं मी म्हणायची. किती भांडलो त्या पट्ट्यावरून!

तुमच्या दहाव्याला कुकडीच्या काठावर कावळा पिंडाला शिवेना. जन्मभर दुर्बिणीतून सगळी पाखरं पाहिलीत, कावळ्याकडे कधी पाहिलं नाहीत, त्याचा राग धरला होता का त्याने? लेकीचं लग्न नीट करू म्हणून सांगितलं, माझी काळजी घेऊ म्हणून सांगितलं. तो आपला झाडावरच. शेवटी तुमच्या धाकट्या भावाने हात जोडले. "दादा, तुझ्या पाखरांचा पट्टा आमी पेरणार न्हाई." आणि कावळा खाली उतरला! सगळ्या गावाने पाहिलं.

पण यंदा गाळ सुरेख बसलाय. भाऊजींची नजर सारखी त्या पट्ट्यावर. परवा म्हणाले, "वहिनी, शब्द मोडायचा न्हाई मला. पण पाखरंच न्हाई आली तर जागा रिकामी ठिवून काय करायचं? दोन दिस बघू, न्हाईतर पेरतो." पाखरं आली होती आणि मीच हाकलली. कुठल्या तोंडाने सांगणार होते त्यांना?

आज पहाटे डबा घरीच ठेवला. तुमची दुर्बीण गळ्यात घातली. कधी हात लावू दिला नाहीत तिला. "काचेला हळद लागेल" म्हणायचात! उसाच्या कडेने बिबट्याची भीती, म्हणून भाऊजी बॅटरी घेऊन सोबत आले. खांद्यावर बियाण्याची पिशवीही होती. आम्ही बांधावर बसलो. मी कालचं सगळं सांगून टाकलं. "एकदा हाकलल्यावर परत न्हाई यायची ती," ते म्हणाले.

ऊन वर आलं. पाण्यावर टिटव्यांशिवाय कुणी नाही. भाऊजी पिशवी घेऊन उठले आणि पट्ट्याकडे चालू लागले.

तेवढ्यात तो आवाज आला. शिवनेरीच्या बाजूने थवा आला, वर घिरट्या घालू लागला, पण खाली येईना. कालचं लक्षात होतं त्यांच्या. भाऊजी पट्ट्याच्या मधोमध उभे. मग त्यांनी हळूच पिशवी खाली ठेवली आणि पावलं न वाजवता मागे मागे सरकत माझ्याजवळ येऊन बसले. मगच एकेक हंस उतरला.

पांढऱ्या डोक्यावरचे ते काळे पट्टे मी पहिल्यांदा नीट पाहिले. इतके देखणे आहेत हे सांगत होतात, पण एकदा दाखवायला काय झालं होतं तुम्हाला?

"वहिनी, दुर्बीण द्या जरा," भाऊजी म्हणाले. मी म्हटलं, आधी हाताचा गाळ धुऊन या. दोघंही हसलो, आणि मग दोघांच्याही डोळ्यांत पाणी.

तो पट्टा मोकळाच राहील. मी आहे तोवर तर राहीलच, आणि लेकीलाही आज फोन करून सांगितलं आहे: माझ्या दहाव्याला कावळा अडला, तर दुसरं काही बोलू नकोस, पट्ट्याचं तेवढं बोल.

तुमची,
सुमन