पायरी क्र. ३१

दिनांक: १४ मार्च

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
जलपरीक्षण प्रयोगशाळा,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय: सांख्यिकी सहायकांविरुद्ध मी केलेल्या तीनही तक्रारी मागे घेणे व शुक्रवारी, दि. १८ रोजी त्यांच्या मुदतवाढीचा निर्णय होण्यापूर्वी दोष योग्य व्यक्तीच्या नावे नोंदवून घेणे याबाबत.

संदर्भ: माझे अर्ज दि. ३, १२ व २४ फेब्रुवारी (सूर उत्तरोत्तर चढता).

महोदय,

१. आपल्या प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यांचे विश्लेषण ज्या संगणक प्रणालीवर होते, तिचे पाच भाग आहेत: नोंद, मापन, दुरुस्ती, विश्लेषण आणि अहवाल. यातील 'दुरुस्ती' हा भाग सहा वर्षांपूर्वी मी लिहिला. मापनयंत्र खऱ्यापेक्षा कमी दाखवते, म्हणून प्रत्येक आकड्याला एका गुणकाने गुणून तो सरळ करणे, एवढेच त्याचे काम. ही प्रणाली कोणाला स्वतःच्या संगणकावर चालवून तपासायची किंवा सुधारायची असेल, तर पाचही भागांना लागणारी साधने ठरलेल्या क्रमाने बसवावी लागतात. या कामाला आम्ही 'मांडणी' म्हणतो. मांडणीची सत्तेचाळीस पायऱ्यांची सूचनापत्रिकाही माझीच आहे. तिच्या पहिल्या पानावर मी 'या पत्रिकेत संदिग्धता नाही' असे ठळक अक्षरांत छापले आहे.

२. जानेवारीअखेर सांख्यिकी सहायकांना नवा संगणक मिळाला. त्या कंत्राटी असून गेली नऊ वर्षे आपल्याकडे काम करतात. त्यांनी सूचनापत्रिका पुढ्यात ठेवून, प्रत्येक पायरीवर पेन्सिलने खूण करत मांडणी केली. पायरी ३१ वर त्या माझ्या टेबलाशी आल्या. पायरी ३१ अशी आहे: 'येथे नेहमीप्रमाणे करावे.' त्यांनी विचारले, "ताई, नेहमीप्रमाणे म्हणजे कसं?" मी मान वर न करता म्हणाले, "कसं म्हणजे? नेहमीसारखं." एवढ्या स्पष्टीकरणानंतर त्या परत गेल्या.

३. मांडणी पूर्ण झाली. कोठेही अडथळा आला नाही, एकही सूचना लाल अक्षरांत आली नाही. मग चाचणीचे द्रावण तपासले. त्याचे खरे मूल्य १.५० आहे, कारण ते मी स्वतः तयार करते. माझ्या संगणकावर १.५० आले. त्यांच्या संगणकावर १.२९. त्यांनी मांडणी पुसून पुन्हा केली. पुन्हा १.२९. बाहेर जाणारे सर्व अहवाल माझ्याच संगणकावरून जात असल्याने कोणाच्याही विहिरीबद्दल चुकीचा आकडा गेलेला नाही, हे येथे नमूद करते. या अर्जात माझ्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच आहे.

४. त्यानंतर मी आपल्याला पहिला अर्ज लिहिला. त्यात 'निष्काळजी' हा शब्द होता. दुसऱ्यात 'अक्षम्य' होता. तिसऱ्यात 'सूचना वाचण्याची सवय नसावी' असे वाक्य होते आणि सोबत दोन्ही संगणकांच्या आकड्यांचा रंगीत आलेख होता. या काळात "माझ्याकडे तर बरोबर येतं" हे वाक्य मी निरनिराळ्या लोकांपुढे किमान सात वेळा उच्चारले. तेवीस वर्षे विज्ञानात काढलेल्या व्यक्तीने एकाच यंत्रावर येणारे उत्तर पुरावा म्हणून मांडावे, यावर मी काही लिहीत नाही. आपण त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. त्यांनी एका ओळीचे उत्तर दिले: 'सूचनापत्रिकेत एखादी पायरी राहिली आहे का, हे तपासावे.' ती ओळ मला दाखवण्यात आली, तेव्हा मी समासात 'उद्धट' असा शेरा मारला. अक्षर माझेच आहे, फाइलमध्ये पाहता येईल.

५. मंगळवारी, दि. ८ रोजी माझाही जुना संगणक भांडारात जमा झाला व नवा आला; तेव्हापासून एकही अहवाल बाहेर गेलेला नाही. मांडणी कशी करतात याचे प्रात्यक्षिक दाखवावे, असे माझ्या मनात आले. कोणीही तशी मागणी केली नव्हती. गुरुवारी सकाळी मी खोलीतील सर्वांना, खास करून सांख्यिकी सहायकांना, बोलावले. खुर्च्या मी स्वतः मांडल्या, प्रोजेक्टर लावून संगणकाचा पडदा भिंतीवर घेतला. सत्तेचाळीस पायऱ्या मोठ्याने वाचत पूर्ण केल्या. पायरी ३१ वाचून क्षणभर थांबले, ऐटीत दोन कळा दाबल्या आणि पुढे गेले. कोणत्या कळा, ते आता आठवत नाही. मग द्रावण तपासले. भिंतीवर चार फूट उंचीचा आकडा उमटला: १.२९.

६. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. दारातून शिपाईमामा एवढेच म्हणाले, "बाई, हा तोच आकडा ना, नोटीसवाला?" सांख्यिकी सहायक उठल्या, त्यांनी भिंतीवरचे चित्र बंद केले आणि मला विचारले, "ताई, चहा आणू का?" मी नको म्हटले आणि विजेचा दाब तपासायला गेले. त्यानंतर खोलीचे तापमानही तपासले. दुपारपर्यंत संगणक पुरवठादाराविरुद्ध दोन पानी तक्रार लिहून तयार होती. ती पाठवलेली नाही.

७. त्या संध्याकाळी घरी मी सर्व हकिगत सांगितली. माझे पती प्लंबर आहेत. जेवता जेवता ते म्हणाले, "अगं, नळाला पाणी कमी येतंय म्हणून तू महिनाभर नळालाच शिव्या देतेयस. टाकीत वर जाऊन बघितलंस का?" सासूबाईंनी यावर, "काखेत कळसा आणि गावाला वळसा," एवढेच म्हटले व ताक मागितले. त्यांना प्रणालीतले काही कळत नाही, असे मी मनात म्हटले. तेही येथे मागे घेते.

८. शुक्रवारी जुना संगणक पाहण्यासाठी भांडारात गेले. भांडारपाल म्हणाले, "अर्ज आणा." लेखी अर्जाची शिस्त या कार्यालयात कोणी आणली, हे आपण जाणताच. आज सकाळी परवानगी मिळाली. जुन्या संगणकात 'तात्पुरते' नावाचा एक कप्पा आहे. गुणकाची फाइल त्यात आहे आणि ती त्या एकाच संगणकावर आहे. 'नेहमीप्रमाणे' याचा अर्थ ती फाइल जागेवर ठेवणे असा होता. माझ्याकडे ती नेहमीच होती, म्हणून मला ती कधी ठेवावी लागली नाही, म्हणून लिहावीही लागली नाही. फाइल न सापडल्यास प्रणालीने ओरडायला हवे होते. परंतु माझ्या भागात अशी आज्ञा आहे की फाइल नसेल तर गुणक १.१६ ऐवजी १ धरावा आणि काही बोलू नये. त्या आज्ञेशेजारी टीप आहे: 'सोमवारी नीट करणे.' टीप सहा वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारची, संध्याकाळी पावणेसहाची आहे. खाली माझी आद्याक्षरे आहेत.

९. सबब विनंती की,
(अ) माझे तीनही अर्ज रद्द समजावेत. नुसते दप्तरी दाखल केल्यास त्यातील विशेषणे सांख्यिकी सहायकांच्या फाइलमध्ये राहतील, म्हणून ते अर्ज तेथून काढून माझ्या फाइलमध्ये लावावेत. विशेषणे तेथे चपखल बसतील.
(आ) त्यांना दिलेली नोटीस मागे घेऊन ती माझ्या नावे काढावी. मजकूर बदलण्याची गरज नाही.
(इ) त्यांची मुदतवाढ केवळ माझ्या शब्दावर अडली आहे, ती शुक्रवारी मंजूर व्हावी. महिनाभर त्या रोज माझ्यासमोर बसून काम करत होत्या आणि त्यांचे एकमेव म्हणणे बरोबर होते.
(ई) यापुढे सूचनापत्रिका त्यांनी लिहावी. त्यासाठी मी आज दुपारी त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी माझा चेहरा पाहिला, मग पायरी ३१ खोडून तेथे तीन पायऱ्या लिहिल्या. त्याप्रमाणे मांडणी केल्यावर त्यांच्या संगणकावर १.५० आले आणि नंतर माझ्याही.

१०. शेजारी टीप असलेली ती आज्ञा मी त्यांच्यासमोर बदलली आहे. आता फाइल नसेल तर प्रणाली थांबते आणि तसे स्पष्ट सांगते. मधले सोमवार मी मोजले, तीनशे बारा भरले. हा तीनशे तेरावा.

याआधीच्या तिन्ही अर्जांखाली मी स्वतःला नम्र म्हणवून घेतले होते. तेही तपासून घ्यावे.

आपली,
वरिष्ठ रसायनशास्त्रज्ञ,
खोली क्र. १४

सोबत:
१. सूचनापत्रिका, जुनी (पायरी ३१ अधोरेखित) व नवी (एकोणपन्नास पायऱ्या)
२. वरील टिपेची छापील प्रत, आद्याक्षरांसह
३. पुरवठादाराविरुद्धची न पाठवलेली तक्रार, केवळ स्वभावाच्या माहितीसाठी

प्रत: सांख्यिकी सहायक. (समक्ष दिली. वाचून त्या म्हणाल्या, "ताई, सहावा मुद्दा काढा, उगाच कशाला?" तो काढलेला नाही. चहा मात्र आज मी नेला.)